लिफ्टच्या जागची खाट

बाबा,

तुम्ही लढाईवरून परत आलाच नाहीत. तरी निवृत्त सैनिकांच्या या इमारतीत सोबत्यांनी तुमची खाट मांडून ठेवलीय, हे मला दुरुस्तीचं काम घेतल्यावर कळलं. "तो यायचाय," म्हातारे सहज म्हणतात, जसे काही तुम्ही दूध आणायला गेलाय. मला रागच आला. घर सोडून इथे यायचं?

ते खाट हलवू देईनात. मग ती आतच ठेवून मी खोलीचं दार आणि खिडकी विटांनी बुजवली. आज लिफ्टसाठी मागची भिंत फोडली, तर चादर चुरगळलेली आणि उशीत डोक्याचा खळगा. हात लावला, तर ऊब लागली. म्हातारे माझ्यावरच खेकसले, "हळू फोड की! झोपमोड केलीस त्याची."

त्यांना न जुमानता खाट काढलीय. उद्या तिथे लिफ्टचा खड्डा असेल. अंधारात तिकडे जाऊ नका, पडाल. सरळ घरी या. आई अजून पलंगाच्या एका कडेलाच झोपते. दाराला कडी घालणार नाही मी. बूट मात्र बाहेर काढा. लादी नवी आहे, मीच बसवलीय.

तुम्ही न पाहिलेली,
तुमची गवंडी लेक