आडवं तपासलंच नव्हतं

बाबा,

आईच्या उजव्या हातावरचा डाग अजून तसाच आहे, कोपरापासून मनगटापर्यंत. ऐंशी वर्षांची झाली तरी ती भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालते. तो डाग पडला तेव्हा रविवारची सकाळ होती. भोपाळच्या आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आई पुऱ्या तळतेय, मी खाली पाटावर बसून अकरावीची प्रयोगवही पूर्ण करतेय. लोलकाची पाच निरीक्षणं हवी होती. तुम्ही मागून वही उचललीत.

"पाचही एवढी सारखी? घेतलीस?"

"तीन घेतली, बाबा. दोन अंदाजाने भरली."

तुम्ही आधी वहीने मारलंत, मग पट्ट्याने. बक्कल लागून माझी भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात आलं. "अहो, मरेल ती!" म्हणत आई मध्ये पडली. तुम्ही तिला ढकललंत आणि ती कढईवर गेली. शेजारच्या बाई दार ठोकत होत्या, "भाभी, क्या हुआ?" आणि हात भाजलेली आई आतून ओरडत होती, "कुछ नहीं, तेल उड़ गया!" तुम्ही पट्टा हातात घेऊन तसेच उभे होतात.

त्या माराचं कारण मला दहा वर्षांनी कळलं, टाउनशिपच्या इस्पितळात, तुमच्या शेवटच्या आठवड्यात. कारखान्यात तुम्ही पोलादाच्या जाड पत्र्यांतून ध्वनिलहरी सोडून आतले तडे शोधायचात. लाटून काढलेल्या पत्र्यात लहर लांबीकडे एका वेगाने जाते आणि रुंदीकडे वेगळ्या, म्हणून प्रत्येक पत्रा उभा आणि आडवा, दोन्हीकडून तपासायचा असतो. त्या रविवारच्या दोनच दिवस आधी एक टाकी दाबाच्या चाचणीत फुटली होती. "मी आडवं तपासलंच नव्हतं," तुम्ही छताकडे बघत म्हणालात. "घाई होती. रकाना भरून टाकला." टाकीजवळ उभा असलेला फिटर भोपाळच्याच अशोका गार्डन वस्तीत राहायचा. त्याला चादरीत गोळा करून घरी नेलं होतं.

"हे कुणाला सांगितलंत?"

"तुला सांगतोय."

मी उठून बाहेर गेले आणि तासभर आलेच नाही.

मी आता पृथ्वीच्या पोटातलं तेच मोजते. भूकंपाची एक लाट खोलवरच्या खडकातून येताना दुभंगते. खडकातले कण एका दिशेला वळलेले असले तर अर्धी लाट आधी पोचते, अर्धी मागाहून. त्यावरून तो खडक कुठल्या दिशेने सरकला असेल ते काढता येतं. त्या दिशेचा कोन संगणक कुणालाही काढून देतो. त्या कोनावर किती विसंबायचं, हे सांगण्यातच माझी सगळी वर्षं गेली. गेल्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीने एक कोन आणला, चूक अधिक-उणे तीन अंश. मी सगळं पुन्हा मोजलं, लाटेचा मोजायचा तुकडा बदलून, मुद्दाम गोंगाट मिसळून, शेकडो वेळा. चूक पंचवीस अंशांवर गेली. मी तिला बोलावलं.

"मॅडम, आठ भूकंप त्या कोनात बसत नव्हते. मी ते काढून टाकले."

टेबलावरचा लोखंडी पेपरवेट मी फेकला. तो तिच्या कानाजवळून भिंतीवर आदळला, प्लास्टरचा पोपडा तिच्या खांद्यावर पडला. ती हलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, मी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीवर जाऊन माफी मागितली. तिने मान हलवली, पण दार अर्धंच उघडलं होतं. आठही भूकंप धरून तिने शोधनिबंध नव्याने लिहिला. दिशा खात्रीने सांगता येत नाही, असं तिने त्यात स्वच्छ लिहिलंय. आता तिला दुसरा मार्गदर्शक हवाय. तिच्या अर्जावर मी सही केली.

आईला मी यातलं निम्मं सांगितलं. उरलेलं तिला कधीच सांगणार नाही, आणि हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही. पेपरवेट भिंतीवर आपटला आणि ती पोरगी भीतीने पांढरी पडली, तेव्हा बाबा, क्षणभर मला फार बरं वाटलं होतं.