भागुबाईच्या दरवाज्यावरचा भोंगा काढण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
करमणूक व सार्वजनिक सुरक्षा विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : भिंगरीची आई. व्यवसाय : मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिक्षिका.

विषय : करमणूक उद्यानातील ‘काळदरी’ या राईडवरून आयत्या वेळी परत फिरणाऱ्यांच्या दरवाज्यावरील पाटी व भोंगा काढून टाकणेबाबत, दरवाजा मात्र कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने उद्यानाच्या खिडकीवर केलेली तोंडी तक्रार.
२) उद्यान व्यवस्थापकांनी अर्जदारास बजावलेली आजन्म प्रवेशबंदीची नोटीस.
३) ‘सदर विषय या विभागाच्या अखत्यारीत येत नाही’ असे कळवणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

संदर्भ क्र. ३ चे पत्र मिळाले. अर्जदाराने ते एकदा बसून आणि एकदा उभे राहून वाचले. दोन्ही वेळा ते पटले नाही, सबब हा अर्ज पुन्हा सादर करण्यात येत आहे. मागील अर्ज एका पानाचा होता, त्यामुळे त्याकडे कोणाचे लक्ष गेले नसावे. या वेळी काहीही हातचे राखून ठेवलेले नाही.

१. अर्जदाराची मुलगी पहिलीत शिकते. ती एका जागी टिकत नसल्याने तिला घरात भिंगरी म्हणतात. ‘काळदरी’ म्हणजे काय ते आपणांस माहीत असेलच, कारण तिच्या परवान्यावर आपली सही आहे. गाडी खडखडत चढावर जाते, अंधाऱ्या बोगद्यात शिरते, आत सांगाडे अंगावर येतात आणि बोगद्याच्या तोंडाशी गाडी खाली सोडून दिली जाते. रांगेच्या सुरुवातीला एक लाकडी अस्वल हात आडवा धरून उभे आहे. त्या हाताला डोके टेकले की मूल बसण्यास पात्र, असा नियम आहे. भिंगरी वर्षभर त्या हाताची वाट पाहत होती. या खेपेस डोके टेकले. तिने टाच उचलली नव्हती, हे अर्जदाराने वाकून पाहिले आहे.

२. तथापि, उंची वाढली म्हणजे छाती वाढली असे अर्जदार मानत नाही. रोजचा धंदाच तो आहे. पाय ब्रेकपर्यंत पोचतात म्हणून कोणी रस्त्यावर गाडी घालायला तयार झाला असे होत नाही. त्यामुळे घरी रीतसर तयारी करण्यात आली. पांघरुणाचा बोगदा करून त्यात टॉर्च बंद ठेवून बसणे, कपडे पिळणाऱ्या मशीनला पाठ टेकून गडगडाट ऐकणे, बागेतल्या उंच घसरगुंडीवरून डोळे मिटून येणे, हे सारे झाले. भिंगरीचा मामा म्हणजे अर्जदाराचा धाकटा भाऊ केस कापण्याचे दुकान चालवतो. त्याने दुकानातल्या खुर्चीवर बसवून तिला गरागरा फिरवले, तेव्हा तिने आणखी मागितले. उद्यानात गेल्यावर अर्जदाराने तिला राईडवर चढणाऱ्यांपेक्षा उतरणाऱ्यांचे चेहरे बघायला लावले. आणि शेवटी एक गोष्ट सांगितली, “छातीवर दांडा बसेपर्यंत तू कधीही ‘नको’ म्हणू शकतेस. मी का म्हणून विचारणार नाही.” अर्जदाराच्या गाडीतही हाच नियम आहे. शिकणाऱ्याने “थांबवा” म्हटले की गाडी बाजूला थांबते. कारण काय ते इंजिन बंद झाल्यावर बोलायचे.

३. त्या रविवारी भिंगरी रांगेत उड्या मारत पुढे गेली. तिचा नंबर आला, पुढची गाडी बोगद्यात गडप झाली, आतून किंकाळ्या आल्या. भिंगरीने अर्जदाराचा हात घट्ट धरला, थोडा विचार केला आणि स्पष्ट आवाजात “नको” म्हणाली. ती रडली नाही, हट्ट केला नाही, मागच्यांचा खोळंबा केला नाही. मोठ्या माणसांनाही क्वचित जमावा इतका नीट घेतलेला निर्णय होता. अर्जदाराला अभिमान वाटला, आणि तो लपवावा असे तिला आजही वाटत नाही.

४. परत फिरणाऱ्यांसाठी बाजूला एक छोटा दरवाजा आहे. त्यावर ‘भित्री भागुबाई दरवाजा’ अशी रंगीत पाटी असून खाली लटपटत्या पायांची कोंबडी काढली आहे. दार ढकलले की वर बसवलेला ट्रकचा भोंगा वाजतो. मग माईकपाशी बसलेला मनुष्य ओरडतो, “आली रे आली, भागुबाई आली! टाळ्या!” त्या दिवशी रांगेतल्या झाडून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. भागुबाई कोण होती हे अर्जदारास ठाऊक नाही, पण आयत्या वेळी शहाणपण सुचलेली बाई असावी. बरोबर आलेला मामाही सवयीने खो खो हसला आणि मग बहिणीचा चेहरा पाहून त्याने हसू आवरले. त्याच्यावर अर्जदाराचा राग नाही. अर्जदाराला खरे लागले ते पुढचे. भिंगरीने क्षणभर सगळ्यांकडे पाहिले आणि तीही हसू लागली.

५. त्या दिवसापासून भिंगरीने ‘नको’ म्हणणे सोडले. सुरुवातीला घरात कोणाच्या ध्यानात आले नाही, उलट मुलगी गुणी झाली असे शेजारणीने कौतुक केले. दुकानदाराने पायात कोंबलेले बूट घट्ट होत होते, तरी ती “बरोबर आहेत” म्हणाली आणि टाचा सोलवटून निघेपर्यंत घालून फिरली. शेजारच्या कुत्र्याला ती तोवर लांबून हात दाखवायची. कोणीतरी “घाबरतेस काय?” म्हटले, तर तिने थेट कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेला. शाळेत एका मोठ्या मुलीने कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारायला सांगितली. भिंगरीने मारली. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. डॉक्टरांनी उडी का मारलीस असे विचारले, तेव्हा तिने दिलेले उत्तर जसेच्या तसे येथे नमूद करत आहे : “नको म्हटलं असतं तर सगळे हसले असते.”

महोदय, हे वाक्य आपण कृपया पुन्हा एकदा वाचावे. उद्या या मुलीला कोणी म्हणेल, चल माझ्याबरोबर, कोणाला सांगू नकोस. त्या वेळी तिच्याजवळ ‘नको’ असला पाहिजे. अर्जदाराला रात्रंदिवस भीती वाटते ती याची. त्या बोगद्यातले सगळे सांगाडे एकत्र केले तरी इतकी भीती वाटायची नाही.

६. अर्जदाराने उद्यानाच्या खिडकीवर तक्रार केली असता व्यवस्थापक म्हणाले, “अहो बाई, गंमत असते ती. राईचा पर्वत करू नका. जरा हसायला शिका.” नंतर त्यांनी मोठ्या मनाने ‘काळदरी’चा फुकट पास देऊ केला, म्हणजे मुलगी पुन्हा बसेल आणि तिची भीड चेपेल. मुलीचे काही बिघडलेले नव्हते, तिचा निर्णय बरोबर होता, सबब पास नाकारण्यात आला. त्यावर “मग आम्ही काय करावं म्हणता?” असे विचारून त्यांनी खिडकी लावून घेतली. काय करायचे ते मग अर्जदारालाच ठरवावे लागले.

७. नोटिशीत नमूद केलेली घटना खालीलप्रमाणे घडली, व ती अर्जदारास पूर्णपणे मान्य आहे. पुढच्या रविवारी अर्जदार तिकीट काढून रांगेत उभी राहिली, गाडीपर्यंत गेली, खणखणीत आवाजात “नको” म्हणाली आणि भागुबाई दरवाज्यातून बाहेर पडली. भोंगा वाजला. टाळ्या झाल्या. अर्जदार पुन्हा रांगेत उभी राहिली. असे दुपारपर्यंत चालले. पुढे पुढे टाळ्या विरळ झाल्या. मग रांगेतल्या एका आजोबांनी “मला तरी कुठे बसायचंय, सुनेने ढकललंय” असे म्हणून अर्जदाराच्या मागोमाग दार गाठले. त्यांच्यामागे एक नवविवाहित जोडपे आले. त्यातल्या नवऱ्याचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसत होता. व्यायामशाळेत जाणारा एक दांडगा तरुण अर्जदाराजवळ येऊन कुजबुजला, “मावशी, मित्र बरोबर आहेत म्हणून, नाहीतर मला पण नकोच होतं.” तोही बाहेर पडला, पाठोपाठ त्याचे मित्रही. गाड्या अर्ध्या रिकाम्या जाऊ लागल्या. माईकवाल्याचा घसा बसला. शेवटी भोंग्यातून म्हातारा खोकावा तसा आवाज आला आणि तो कायमचा गप्प झाला.

मामा भिंगरीला घेऊन कुंपणापलीकडे उभा होता. ती सगळे बघत होती. आई पुन्हा पुन्हा त्याच दारातून बाहेर येते, लोक हसतात, आणि आईला काही होत नाही, हे तिने बघावे एवढाच अर्जदाराचा हेतू होता.

८. नोटिशीत अर्जदाराचे वर्तन ‘भित्रेपणाचे व प्रक्षोभक’ असल्याचे म्हटले आहे. ही दोन्ही विशेषणे एकाच वेळी मिळालेली अर्जदार ही गावातली पहिलीच बाई असावी. लेखी दिलगिरी व्यक्त केल्यास बंदीचा फेरविचार होईल असेही त्यात आहे. अर्जदार दिलगीर नाही. भोंगा दुरुस्त झाल्यास ती पुन्हा जाईल. बंदी असल्यास रांगेत उभे राहण्यासाठी इतर लोक तयार आहेत, आणि त्यांत सदर आजोबा सर्वांत उतावीळ आहेत.

९. आता आपल्या पत्राविषयी. आपल्या विभागाकडे पट्टे, दांडे, चाके व ब्रेक तपासण्याचे काम आहे, पाटी व भोंगा ही ‘सजावट’ असल्याने त्यात येत नाही, असे आपण कळवले आहे. अर्जदाराचे म्हणणे असे की तो दरवाजा हाच त्या राईडचा पहिला ब्रेक आहे, आणि ब्रेक दाबणाऱ्याची टर उडवली तर तो दाबला जात नाही. शिकवण्याच्या गाडीत शेजारी बसलेल्या अर्जदाराच्या पायाखाली रोज दुसरा ब्रेक असतो. तो दाबल्यावर छतावरून कोणी ओरडत असते, तर आजवर शिकवलेल्यांपैकी निम्मे लोक झाडावर जाऊन आदळले असते. भोंगा कशासाठी असतो हे अर्जदार चांगले जाणते. रस्त्यावर कोणाला हिणवण्यासाठी भोंगा वाजवला, तर ती पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याच्या हातावर चापट मारते.

उदाहरणादाखल, अर्जदाराच्या सकाळच्या वर्गात एक गृहस्थ आहेत. वय पन्नाशीपुढे, हुद्दा मोठा, स्वभाव सज्जन. उड्डाणपुलाचा चढ आला की त्यांचे तळहात घामेजतात आणि ते म्हणतात, “बाई, थांबवा. आज नको.” अर्जदार गाडी थांबवते. कोणी हसत नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा येतात आणि आदल्या दिवशीपेक्षा चार हात पुढे जातात. ते एक दिवस पूल ओलांडतील याबद्दल अर्जदारास तिळमात्र शंका नाही, कारण थांबता येते हे त्यांना पक्के माहीत आहे. त्यांचे नाव व पद अर्जदार कोणासमोरही उघड करणार नाही, अगदी हा अर्ज फेटाळला गेला तरीही. ते दुसऱ्या मजल्यावर बसतात एवढेच नमूद करते. उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला गाडी त्यांच्या फाटकासमोर उभी असेल.

१०. कालची घटना नमूद करून अर्ज आटोपते. काल संध्याकाळी अर्जदाराने भिंगरीसमोर दुधाचा पेला ठेवला. त्यावर जाड साय आली होती. गेले कित्येक दिवस ती सायीसकट निमूट पीत असे. काल तिने पेल्याकडे पाहिले, आईकडे पाहिले, प्लास्टरचा हात मांडीवर घेतला आणि हळूच म्हणाली, “नको.” मामा दारात चपला काढत होता, तो एका पायावर तसाच उभा राहिला. अर्जदाराने का म्हणून विचारले नाही. पेला उचलून ते दूध स्वतः प्यायली, आणि पिताना डोळे भरून आले हे मान्य करण्यात तिला कमीपणा वाटत नाही.

दुधापुरता ‘नको’ परत आला आहे. मोठ्या गोष्टींसाठी तो यायचा आहे, आणि तो ज्या दारात हरवला तिथेच सापडेल असे अर्जदारास वाटते. यास्तव, आपल्या अधिकारात

(अ) सदर पाटी व भोंगा काढण्याचा आदेश द्यावा;
(ब) दरवाजा बंद करून प्रश्न मिटवू नये, उलट तो थोडा रुंद करावा, कारण आजोबांना तिरके व्हावे लागते;
(क) आदेश देण्यापूर्वी शंका असल्यास आपण स्वतः एकदा त्या रांगेत उभे राहून, पाय लटपटल्यास, त्या दारातून बाहेर यावे.

प्लास्टर निघाल्यावरच्या पहिल्या रविवारी, बंदी असो वा नसो, अर्जदार मुलीसह उद्यानाच्या फाटकावर हजर राहील. भिंगरी ‘काळदरी’त बसेल की परत फिरेल, हे अर्जदारास माहीत नाही. ते अस्वलाने ठरवायचे नाही, मामाने नाही आणि अर्जदारानेही नाही. तिने काहीही ठरवले तरी तिला मान वर करून बाहेर येता आले पाहिजे, एवढी व्यवस्था त्या दिवसाआधी व्हावी.

आपली नम्र, पण या बाबतीत मुळीच न नमणारी,

(सही)
भिंगरीची आई

दिनांक : चालू महिन्याची नऊ तारीख

सोबत :
१) प्रवेशबंदीच्या नोटिशीची प्रत.
२) मनगटाच्या एक्स-रेची प्रत.
३) आजोबा, जोडपे, तरुण व त्याचे मित्र यांच्या सह्या.
४) न वापरलेला फुकट पास. व्यवस्थापकांनी तो नंतर टपालाने पाठवला होता, साभार परत.
५) मुलीचा स्वतंत्र अर्ज. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या हाताने लिहिला आहे, सबब अक्षर वाकडे आहे. वाचणे सोयीचे व्हावे म्हणून मजकूर येथे देत आहे :

‘साहेब, मला आत्ता बसायचं नाही. मोठी झाल्यावर बघू. दार राहू दे. भोंगा नको.’