परतीची वेळ

प्रिय टाचणी,

पोस्टाने आलेलं पाकीट पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. नोकरी आहे, खोली आहे, खोलीला खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि त्यांनाच समुद्र समजायची सवय मी लावून घेते आहे. हसू नकोस. शिलाई मशीनवर वाकून हसलीस की तुझ्या तोंडातल्या टाचण्या सांडतात, आणि त्या वेचायला आता मी तिथे नाही.

परवा ऑफिसातल्या एकीने विचारलं, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, एक फळा. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. पण खरंच, समुद्र काय, सगळ्याच किनाऱ्यांना असतो. आपल्या पायऱ्यांपाशी आधी पत्र्याची पाटी होती, आठवते? 'सावधान! भरतीच्या वेळी खडकावर जाणे धोक्याचे आहे.' लोक त्या पाटीला टेकून फोटो काढायचे आणि ओल्या वाळूवरून थेट खडक गाठायचे. मग पाणी चढून मागची वाट बुडायची, आणि माझ्या बाबांना दुसऱ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची सोडून होडी घेऊन त्यांना आणायला जावं लागायचं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, म्हणजे जगाला शहाणं करायची जबाबदारी माझ्यावरच. मी म्हटलं, लोकांना भीती घालू नका, वेळ सांगा. फळ्यावर फक्त 'परतीची वेळ' आणि पुढे आकडा. तू म्हणालीस, हिला पदवी मिळायच्या आधीच डोक्यात गेलीय. आणि त्याच दुपारी दुकानातला जाडा खडू आणून पहिला आकडा तूच काढलास. तेव्हापासून मी पदवी झाले ती झालेच.

काय दिवस होते! आपण आठ जण. दोघांनी पायऱ्यांवर बसून जाणारे-येणारे मोजायचे, अर्धा तास आधी शिट्टी मारायची. ती शिट्टी तुझ्याकडे असली की लोक धावत यायचे, माझ्याकडे असली की हात हलवून मला टाटा करायचे. आकडा मात्र माझा. बंदराच्या कार्यालयातून तक्त्यांचं पुस्तक आणून मी आठवड्याची यादी करायचे आणि तुम्हाला समजावून सांगायचे, की भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, म्हणजे आठवड्याने भरतीच्या जागी ओहोटी येते. तू सातवीत शाळा सोडलेली. खांद्यावर मापाची फीत टाकून तू इतकं मन लावून ऐकायचीस, की आपण फार छान शिकवतो असं मला वाटायचं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ही नोकरी मला त्या फळ्यामुळे मिळाली. मुलाखतीत मी वीस मिनिटं त्याच्याबद्दलच बोलले. साहेब अजूनही नव्या माणसाला माझी ओळख 'आमच्या समाजसेविका' अशी करून देतात. फळ्याने नोकरी दिली आणि नोकरीने फळा सोडवला. निघताना पायऱ्यांवर उभी राहून मी केलेलं भाषण तुझ्या लक्षात असेलच, दर रविवारी येईन म्हणून. बाबांचे तर डोळे भरले होते. आधी दर रविवारी आले, मग एक सोडून एक. मग म्हटलं, यादी फोनवर पाठवते, म्हणजे काम अडणार नाही. एकदा तर शुक्रवारची यादी रविवारी रात्री पाठवली आणि वर खूप काम होतं असं लिहिलं. काम नव्हतं, टाचणी. झोपले होते. जितके रविवार चुकले तितकं तोंड दाखवणं अवघड होत गेलं. गावाला येऊन पायऱ्यांकडे न फिरकता परत गेले, असंही दोनदा झालं. तू तरीही दर शुक्रवारी विचारायचीस, 'यादी?' मी पाठवायचे. तू लिहायचीस, 'मिळालं.' मला वाटायचं, चला, अजून आपण कामात आहोत.

गेल्या मंगळवारी जुने निरोप चाळत होते. मागच्या महिन्यातल्या दोन लागोपाठच्या याद्या शब्दन् शब्द सारख्या निघाल्या. घाईत मी आधीच्याच आठवड्याची पुन्हा पाठवली होती. त्या रविवारी वाट सकाळी आठलाच बुडणार होती आणि माझ्या यादीत परतीची वेळ होती दुपारी अडीच. जिन्यात जाऊन बाबांना फोन लावला, म्हटलं, त्या रविवारी कुणी अडकलं का, कुणाला काही झालं का? बाबा हसले. म्हणाले, "अगं, तुझी यादी फळ्यावर लागते असं तुला कुणी सांगितलं? वर्ष होत आलं, ती पोरगी पाणी बघून वेळ लिहिते. रोज धक्क्याच्या खांबावर फीत सोडून बसते. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत समुद्राचं एक पान काढलंय तिने." मी म्हटलं, मग ती दर शुक्रवारी यादी मागते कशाला? बाबा म्हणाले, "ग्रॅज्युएट तू आहेस. मला काय विचारतेस?"

फोन ठेवून तुझं त्या शुक्रवारचं उत्तर पुन्हा काढलं. 'मिळालं. जेवतेस ना वेळेवर?' तेव्हा त्यावर मी नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं होतं. तुला यादी पाहताक्षणी कळलं होतं, हो ना? चूकही कळली होती आणि माझं इथे काय चाललंय तेही. वर्षभर तुला आकड्यांची गरज नव्हती, तरी तू मागत राहिलीस. मी मात्र समजत होते की माझ्यावाचून तुमचं अडतं.

हे फोनवर लिहिलं असतं तर 'मिळालं' म्हणून तू मोकळी झाली असतीस, म्हणून पत्र. या शुक्रवारी यादी मागू नकोस, मी पाठवणार नाही. रविवारी पहिल्या गाडीने मीच येते आहे. भाषण नाही, दर रविवारचं वचनही नाही. महिन्याचा पहिला रविवार, एवढंच झेपेल, आणि तेवढं मात्र नक्की. पायऱ्यांवरची माझी जागा कुणाला दिली असशील तर राहू दे, मी खालच्या पायरीवर बसेन. फक्त ते समुद्राचं पान मला दाखव आणि फीत कशी सोडायची ते शिकव. मी मन लावून ऐकेन. आणि संध्याकाळी मी कितीच्या गाडीने निघायचं, तेही फळ्यावर तूच लिही. या वेळी मी तक्ता पाहिलेला नाही.

तुझीच, अजून शिकायची राहिलेली,
पदवी