बाबांचा कोरडा सराव

ता. ६ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाळवंटातल्या सरड्यांच्या अभ्यासकेंद्रातला कोरडेपणा तुम्हाला सोसवणार नाही, तेव्हा इथे येण्याचा हट्ट सोडा, असं बाबांना लिहिलंस आणि मोकळी झालीस. निस्तरतेय मी. तीन वर्षांत लेक दृष्टीस पडली नाही म्हणून त्यांनी आता सरडा व्हायचं मनावर घेतलंय.

धडे तुझ्याच जुन्या पत्रांतले. भर दुपारी तापलेल्या गच्चीवर अनवाणी उभे राहून एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलतात. शेजारच्या वकीलबाईंनी नाचाची शिकवणी कुठे लावलीत म्हणून विचारलं. संध्याकाळी घमेल्यातल्या ओल्या वाळूत उभे राहतात आणि पाणी कातडीवरून चढत तोंडाशी येईल याची वाट बघतात. जन्मभर तलावावर पोरांना पोहायला शिकवलेला माणूस आता अंघोळीलाही नको म्हणतो. काही सरडे शेपटीत चरबी साठवतात हेही त्यांनी वाचलंय. शेपूट नसल्यामुळे ती पोटावर साठतेय, एवढंच. तूच काय ते समजाव, माझं डोकं चालेनासं झालंय.

तब्येतीला जप, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
आई

ता. १७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. बाबा, एकच सरडा एवढं सगळं करत नाही. पाय उचलणारा पाय उचलतो, कातडीवरून पाणी पिणारा तेवढंच करतो, आणि पापण्या नसलेली पाल जिभेने डोळे पुसते. कोरड्या मुलखात प्रत्येकाने आपापली युक्ती धरली, म्हणून तर इतक्या जाती झाल्या. समुद्राच्या दोन टोकांना असलेले काटेरी सरडे सख्खे भाऊ वाटतात, पण नात्याने कोणी कोणाचे लागत नाहीत. सारखी अडचण, सारखा तोडगा.

आणि यातलं काहीही कुणी सरावाने मिळवलेलं नाही. ज्यांना जमलं त्यांची पिल्लं जगली, बाकीच्यांचा वंश बुडाला. असं लाखो वर्षं चाललं. एका जन्मात कुठलाच सरडा बदलत नाही, आणि तुम्ही तर निवृत्त आहात.

वाळूत पोहणाराही एक असतो. पाय अंगाशी घेऊन नुसत्या अंगाच्या वळणांनी जातो. हे लिहायला नको होतं, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

कृपा राहू द्यावी आणि रोज पाणी प्यावं.

आपली,
खारू

ता. २ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पाय न मारता पोहणं मला पटेना, म्हणून घरामागच्या बांधकामावरच्या वाळूत स्वतः करून पाहिलं. गवंड्यांनी बाहेर काढलं. श्वासाची अडचण आहे, बाकी पद्धत उत्तम.

एका जन्मात बदल होत नाही म्हणतेस. पाणी बघून किंचाळणारी पोरं मी महिन्याभरात तरंगताना पाहिली आहेत, तेव्हा तुझ्या शास्त्राशी माझं जमायचं नाही.

आता खरं लिहितो. कोरडेपणाचं निमित्त तू का काढलंस ते मला कळतं. पाल दिसली की मी घराबाहेर पळतो, आणि तुझ्याकडे भिंतीभर त्याच. मला कमीपणा वाटू नये म्हणून तू वाळवंट पुढे केलंस. मीही तेच धरून बसलो, कारण कोरडेपणाची तयारी गच्चीवर चारचौघांत करता येते. भीतीची कुठे करू?

तुझी फार आठवण येते, जेवताना जास्त. शनिवारच्या गाडीने निघतोय. तुझी आई म्हणाली, येताना माणूस होऊन या.

भेटीपर्यंत लोभ सांभाळून ठेव.

तुझे,
बाबा

ता. २० एप्रिल

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप पोचले. आत पाऊल टाकताच भिंतीवरची पाल पाहून जे टेबलावर चढले, ते अजून तिथेच आहेत. जेवण, दाढी, झोप, सगळं वर. केंद्रात टेबल एकच, त्यामुळे आम्ही सरड्यांची वजनं खाली बसून करतो. आमच्या प्रमुखबाई आधी कुरकुरल्या, आता त्याच बाबांना वर चहा देतात. रात्री मी टेबलाला टेकून बसते आणि आम्ही गप्पा मारतो. इतकं बोलणं आमचं घरीसुद्धा कधी झालं नव्हतं.

काल मला त्यांचे हाल बघवेनात. म्हटलं, बाबा, भेट झाली, आता परतीचं तिकीट काढू का. तेवढ्यात एक पाल टेबलाच्या पायावरून वर यायला लागली. बाबांनी पाय पोटाशी घेतले, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले की तुझंच खरं, एका जन्मात नाही होत बदल. तेव्हा मी घाबरतच राहीन, पण राहीन.

टेबल आखूड आहे, त्या मापाची गादी पाठव. आशीर्वाद असू दे.

तुझी,
खारू