नलू, तुझे पूर्ण बाह्यांचे ब्लाउज

प्रिय नलू,

तू जाऊन दोन वर्षं झाली आणि तुला पत्र आज लिहितेय, कारण काल तुझ्या गार्गीचा फोन आला. "मावशी, मला फुल स्लीव्ह्जचे कुर्ते पाठवशील? फोर ऑर फाइव्ह." भर जुलैत! दुबईच्या उन्हात! मी रिसीव्हर घट्ट धरून उभी राहिले.

आठवतं? सत्त्याण्णव साली, बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले, तेव्हा तूही हेच मागवलं होतंस. सहा ब्लाउज, पूर्ण बाह्यांचे. शिंपी म्हणाला, "बाई, तिकडे फार कडक आहे का हो?" मी ठसक्यात म्हणाले, "अरबांचं शहर आहे ते!" आणि स्वतःलाही दोन शिवून घेतले. मूर्ख बाई!

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडावं तशी हवा तोंडावर आली. पांढऱ्या झग्यातले पुरुष, काळ्या बुरख्यातल्या बायका, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. मला प्रत्येक खांबाआड पोलीस दिसत होता. आणि तिसऱ्या दिवशी करामाच्या बाजारात बघते तर एक मराठी बाई बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये खुशाल कोथिंबीर निवडतेय!

"अगं, हिला कोणी पकडत नाही?"

"ताई, यल्ला, चल लवकर, बस चुकेल."

मनगटापर्यंत बटणं लावलेली, घामाने निथळणारी तू. मला तिथेच कळायला हवं होतं.

कळलं त्या संध्याकाळी. अल कुसैसचा तुमचा फ्लॅट, खिडक्या बंद, एसीची घरघर अशी की भिंतीपलीकडे काही ऐकू जाऊ नये. मी पाण्यासाठी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. तुझ्या नवऱ्याने, त्या विनायकने, तुझा हात पाठीमागे पिरगाळला होता आणि तो तुझं डोकं कपाटाच्या दारावर आपटत होता. एकदा. दोनदा. पुन्हा. आवाज जराही न चढवता! का, तर आमटी गार होती. तुझी बाही दंडापर्यंत सरकलेली. काळे, हिरवे, पिवळे वळ, जुन्यांवर नवे.

मला पाहून त्याने तुला सोडलं, स्वतःच्या केसांवरून हात फिरवला.

"ताई, चहा घेणार?"

आणि मी म्हणाले, "घेईन."

नलू, मी तो चहा प्याले! माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात, व्हिसा त्याच्या जामिनावर, आणि डोक्यात एकच, या अरबांच्या गावात बाईचं कोण ऐकणार? मी अरबांना भीत बसले. मारणारा तर आपल्या पुण्याचा इंजिनिअर होता, मंडळाच्या गणपतीत पुढे उभा राहून आरती म्हणणारा!

कॉन्व्हेंटमध्ये नन्स आपल्याला बाकावर उभं करून म्हणायच्या, "स्पीक अप, गर्ल!" सारी हयात मी मॅनेजरांना गप्प केलं. आणि तिथे? साखर किती, ते सांगितलं.

पण तू तरी का बोलली नाहीस गं? मी नंतर विचारलं तर म्हणालीस, "खलास, ताई. गार्गीसमोर नको." त्या संध्याकाळी बारा वर्षांची गार्गी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसली होती. तिच्यापासून काय लपवत होतीस?

मग चार वर्षांनी त्याचा फोन आला, "नलूचा बाथरूममध्ये पाय घसरला, ती गेली." तेव्हाही मी "अरे देवा" एवढंच म्हणाले. कोणी ढकललं, हे विचारलंच नाही!

काल मात्र विचारलं. "गार्गी, हातावर काय आहे?" तिकडे तीच एसीची घरघर. मग हळूच, "मावशी, प्लीज, डोन्ट टेल बाबा."

बाबाला नाही सांगणार. पोलिसांना सांगणार आहे.

तुला शब्द देते. या वेळी तातडीचा व्हिसा एजंटाकडून काढतेय, उद्या हातात येईल. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये राहील आणि मी उतरणार करामाच्या लॉजवर, त्याच्या घरी नाही. अठरा वर्षांची पोर आहे, तिला त्या घरातून बाहेर काढीन आणि तिथल्या पोलीस ठाण्यात उभी राहून सगळं सांगेन. कपाटाचं दार, तुझे वळ, मी प्यालेला चहा. त्याने पुन्हा चहा विचारला, तर तो त्याच्या तोंडावर फेकीन, उकळता!

परवा निघतेय. बॅग भरून झालीय. शिंप्याकडे मी गेलेली नाही.

तुझीच,
ताई