बाढीत वाटलेलं दुकान

॥ श्री ॥
रामघाट, काशी
६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. तेजश्रीस आनंदी आजीचे आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद धरला. तिसरीपर्यंतचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस. तू माहेरी बाळ सांभाळ, लाडू खा. घोर मी सांगते तेवढाच कर.

गंगेला बाढ आली, पाणी गल्लीत शिरलं. तुझ्या पुस्तकांच्या दुकानाच्या उंबऱ्याला पाणी लागलं, तेव्हा माझा नातू निनाद रेल्वेच्या ड्यूटीवर. पुस्तकं गोदामात हलवायची तुझी युक्ती छान होती, पण गोदामच आधी बुडालं. मग रविवारी दुकानात जमणाऱ्या तुझ्या काव्यगोष्ठीवाल्यांना हाक मारली. म्हटलं, कवितेवर भांडता ना, आज ओझं उचला. ज्याचं घर वरच्या मजल्यावर, त्याला एक गठ्ठा. यादी केली नाही. माझ्या अक्षरासाठी बाढ थांबली नसती.

राग आला तर आणखी एक लाडू खा. उत्तर मात्र गोड लिही.
आनंदी आजी

सांगली
१३ ऑगस्ट

ती. आजींना तेजश्रीचा शि. सा. नमस्कार.

पुस्तकं वाचवलीत, पण दिलीत कुणाला! नरहरकाकांनी दोन दिवसांसाठी नेलेला संग्रह तीन वर्षं झाली, आला नाही. देवदत्त गुरुजी कादंबरीला शिवत नाहीत, त्यांनी गठ्ठा जिन्याखाली फेकला असेल. नवरात्रात दुकान उघडायचंय. फळ्या रिकाम्या राहिल्या तर माझं दुकान संपलं, आजी. निनाद म्हणतो धीर धर. त्याचं काय, रेल्वे कुणी उसनी नेत नाही!

लेक तुमच्यावर गेली आहे, ओरडून घर उठवते.
रागावले तरी तुमचीच,
तेजश्री

रामघाट, काशी
१८ सप्टेंबर

चि. सौ. तेजश्रीस आशीर्वाद, पणतीला पापा.

पाणी उतरलं, गाळ उपसला. मी कुणाकडे मागायला गेले नाही, नुसती दुकानाच्या दारात बसले. शेजारची गीता पहिली गठ्ठा घेऊन आली. बाढीत वीज नाही, टीव्ही बंद, मग ती छतावर मोठ्यानं वाचायची. समोरच्या खिडकीतून नरहर तिच्या चुका काढायचा. भांडण ऐकायला नाववाला खाली वल्हं थांबवून बसायचा.

गुरुजींनी गठ्ठा सोवळ्याच्या कपाटात ठेवला होता. देताना हळूच विचारलं, खुनी तर कळला, दुसरा भाग केव्हा येईल? नरहरनं तीन वर्षांपूर्वीचा संग्रहही आणला. लाज बाढीबरोबर वर आली म्हणे.

फळ्या भरल्या. एक जाड कादंबरी तेवढी कमी आहे. नरहरला बोल लावू नकोस, ती माझ्या उशाशी आहे. गठ्ठा माझ्याही वाट्याला आला होता. ओळीवर बोट ठेवून दिवसाला दोन पानं होतात. ती बाई घर सोडून स्टेशनावर बसली आहे. मूर्ख आहे मेली, पण गाडीत चढते का ते कळल्याशिवाय पुस्तक फळीवर जाणार नाही.

शेवट तुला ठाऊक असेल. आल्यावर तोंडातून काढलास तर बाळाला तेल दुसऱ्या कुणाकडून लावून घे.

लोभ ठेव, पुस्तक मागू नकोस.
आनंदी आजी