पालीला लावलेला शब्द

सोलापूर, शनिवार संध्याकाळ, १९२९

डोकं अजून तापलेलंच आहे. आज नरसप्पा विणकराचा गिरणीतला शेवटचा दिवस. तीस वर्षं मागावर उभा राहिला, आणि साहेबानं दाखल्यात त्याला काय म्हणावं? ‘हार्मलेस’. निरुपद्रवी. परवा कचेरीतल्या पालीलाही त्यानं हाच शब्द लावला होता. ‘स्किलफुल’ म्हणायला काय झालं होतं?

नरसप्पानं विचारलं, “काय लिवलंय, सांगा की.”

मी म्हणालो, “लई कसबी माणूस, असं लिहिलंय.”

त्यानं कागद कपाळाला लावला. आता काचेत मढवून देवाशेजारी टांगणार म्हणे. त्याचा जावई मॅट्रिक झालेला आहे, तो वाचेलच. पालीचा शब्द. साहेबानं सांगितला आणि मी मुकाट्यानं लिहिला. सही त्याची असेल, अक्षर माझं आहे.